राहिलेलं उद्यापन

आमच्या बेटावरच्या सुरिनाम गावात कुणालाही कुसुमावतीबद्दल विचारा, माणूस आधी हात जोडील आणि मग बोलेल. "ती होय? देवीची बाई. दहा वर्षं झाली, अन्नाचा कण तोंडात घातलेला नाही." लोकांना वाढवून सांगायची भारी हौस. अन्नाचा कण नाही म्हणजे काय, धान्याचा नाही. भात नाही, रोटी नाही, पाव नाही. रताळी खाते, त्यांना आम्ही इथं पतात म्हणतो. मन्योकचे कंद उकडून खाते, केळी खाते, दूध पिते. वाऱ्यावर जगायला ती काही साप नाही.

मी तिची थोरली जाऊ, इंद्राणी. आमची चूल एक, अंगण एक, नळ एक. मी काही तिला हात जोडत नाही. का जोडत नाही ते आज सांगते. या गोष्टीत मी चांगली दिसणार नाही हे मला ठाऊक आहे. दिसू दे.

कुसुम आमच्या घरात आली चोपन्न साली, माझ्या धाकट्या दिराची, देवराजची बायको म्हणून. माहेर पेती राफ्रेचं, म्हणजे आम्ही बेटाच्या खालच्या टोकाला तर ते पार वरच्या टोकाला. माहेरी जायचं तर अख्खा दिवस बसमध्ये. त्यामुळे ती गेलीच नाही फारशी. पण रडत बसणारी नव्हती. हसायची, आणि खायची! खाण्यावर एवढं प्रेम असलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. सकाळी पाववाला सायकलवरून भोंगा वाजवत आला की ही हातातलं काम टाकून फाटकाशी. गरम पाव मधोमध फाडायचा, त्यात लोणी घालायचं, चहात बुडवायचा आणि डोळे मिटून खायचा. सासूबाई म्हणायच्या, "हिला नवरा नसता तरी चाललं असतं, पाववाला हवा होता." ती लाजायची आणि दुसरा तुकडा घ्यायची.

छप्पन साली हिरा झाली. पोर जन्मली तेव्हा कशी गुटगुटीत होती! अंगावरचं दूध पीत होती तोवर काही तक्रार नव्हती. सातव्या-आठव्या महिन्यात वरचं सुरू केलं. आमच्याकडे वरचं म्हणजे काय? चहात कुस्करलेला पाव, दुधात कुस्करलेली रोटी, बुतिकवरचं, म्हणजे दुकानातलं बिस्किट. भातही द्यायचो, पण पोरीला पावाचा नाद. आईवर गेली म्हणून आम्ही कौतुक करत होतो.

दोन महिन्यांत पोर ओळखू येईना. हातपाय काड्या झाले आणि पोट तेवढं फुगलेलं. दिवसातून सहा-सात वेळा जुलाब, असा घाण वास की अंगण सोडून जावंसं वाटे. दिवसभर किरकिर. हात लावला की किंचाळायची. दृष्ट काढून झाली. मिरच्या जाळल्या, ठसका आम्हालाच लागला. डिस्पेंसरीतला माणूस म्हणाला जंत आहेत. जंताचं औषध दिलं, जंत काही निघाले नाहीत, पोर आणखी सुकली. बायका कुसुमच्या पाठीमागे म्हणायला लागल्या, ही पोर काही जगत नाही. पाठीमागे म्हणजे किती पाठीमागे, तिला ऐकू जाईल एवढंच.

तेव्हा सासूबाईंनी देवीला नवस बोलला. सव्वा महिना उपास. आईनं धान्याला शिवायचं नाही, आणि पोरीला आईच्याच ताटातलं भरवायचं. दर मंगळवारी नैवेद्य, सव्वा महिना झाला की उद्यापन.

आणि काय सांगू, पंधरा दिवसांत पोर शांत झाली! जुलाब थांबले. तिसऱ्या आठवड्यात हसली. उकडलेला पतात दुधात कालवून दिला की वाटी चाटूनपुसून मोकळी. सासूबाईंचे डोळे भरून आले. गावातल्या बायका बघायला यायच्या, देवीपुढे फूल ठेवून जायच्या. आम्ही उद्यापन दणक्यात केलं. पुऱ्या तळल्या, शिरा केला. शिरा मी केला, कारण सुरिनाममध्ये शिरा करावा तर इंद्राणीनं, असं तेव्हा म्हणत. पोरीला देवीसमोर बसवून पुरी-शिऱ्याचा घास दिला, उपास सुटला, पोर परत पाव-रोटीला लागली.

महिना पुरा व्हायच्या आत तेच जुलाब आणि तेच पोट.

आता बाहेरचं माणूस म्हणेल, अहो, तुम्हाला दिसत कसं नव्हतं? नव्हतं दिसत. आम्हाला दिसत होता तो उपास. पोरीच्या पोटात काय जातं इकडे आमचं लक्षच नव्हतं, आमचं लक्ष देवीकडे. उपास केला, देवी पावली. उद्यापन केलं आणि देवी कोपली, म्हणजे उद्यापनात कुठंतरी चुकलं. कुणाचं चुकलं? आईचं. दुसऱ्या कुणाचं असणार? सासूबाई म्हणाल्या, "सोवळ्यात काही कमी पडलं असेल तुझं. परत कर, आणि नीट कर."

कुसुमनं परत केलं. या खेपेला दिवसातून एकदाच खायची. ऊसतोडणीचे दिवस होते, भर उन्हात देवराजबरोबर शेतावर जायची आणि संध्याकाळी दोन पतात खाऊन पडायची. हसणं तेव्हाच बंद झालं. पाववाल्याचा भोंगा वाजला की ती मागच्या अंगणात निघून जायची, भांडी घासायला. घासलेलीच भांडी घासायची. देवराज बिचारा भाकरतुकडा घेऊन दाराबाहेर पाठ करून जेवायचा. एका घरात नवरा बायकोला लपून जेवतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

पोर पुन्हा सुधारली. चालायला लागली, लुटूलुटू माझ्या मागे यायची.

चौथा मंगळवार होता. कुसुम नळावर पाणी भरत होती. मी देवीच्या नैवेद्याचा शिरा करून खाली उतरवला होता. साजूक तूप, वेलची, वरती केळ्याच्या चकत्या. पोर चुलीशी येऊन उभी राहिली आणि शिऱ्याकडे बोट करून रडायला लागली. थांबेचना. माझी लेकरं मोठी झालेली, लहान पोर हाताला नाही, आणि ही माझ्या पदराला धरून रडतेय. मी इकडेतिकडे बघितलं. नैवेद्य दाखवून झाला होता. बोटभर शिरा घेतला, फुंकर मारली आणि तिच्या तोंडात घातला. म्हटलं, "खा गं माझी बाय. काही होत नाही. देवीचा प्रसाद आहे." तिनं मटकन गिळला. आणखी मागितला. आणखी दिला. एक वाटी खाल्ली असेल. खरं सांगायचं तर दीड वाटी.

संध्याकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या, मग जुलाब. अंगातलं पाणी सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी पोर मान टाकून कुसुमच्या मांडीवर पडली होती, डोळे उघडत नव्हती. डिस्पेंसरीतल्या माणसानंही हात वर केले.

आणि सासूबाई चवताळल्या. सगळ्यांदेखत कुसुमला विचारलं, "काय खाल्लंस? खरं बोल. उपास मोडलास ना? पावाचा तुकडा चोरून खाल्लास ना? तुझ्या जिभेपायी पोर चालली!"

कुसुमनं मान खाली घातली. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. मी तिथंच उभी होते, हातात पाण्याचा तांब्या. मला बोलता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं की आई, तिनं नाही, मी दिला शिरा. जीभ टाळ्याला चिकटली माझी. आयुष्यभर या जिभेनं गावाला हैराण केलं, आणि त्या दिवशी नेमकी ती हलली नाही. मनात म्हटलं, प्रसादानं कुणी मरतं का? दुसरंच काही झालं असेल. असं म्हणून मी तांब्या ठेवला आणि आत गेले.

पोर वाचली. कशी वाचली ते कुसुमला ठाऊक. चार दिवस ती हलली नाही, आरारूट पातळ शिजवून थेंब थेंब चमच्यानं घालत बसली. जुलाबाचे लंगोट धुवायला तेवढी उठायची.

पोर सावरल्यावर सासूबाईंनी घरी गोंधळ घालायचा ठरवला. गोंधळात देवीची माफी मागायची, नवस पुरा करायचा, आणि त्याच बैठकीत उद्यापन. म्हणजे परत पुऱ्या, परत शिरा, परत पोरीला घास. कुसुम म्हणाली, "आई, या खेपेला पोरीला घास नको." आयुष्यात पहिल्यांदा सासूला उलटून बोलली. सासूबाई म्हणाल्या, "उद्यापन न करता नवस ठेवायचा? घरदार बुडवायचंय का तुला?" ती देवराजकडे गेली. तो म्हणाला, "आईचं ऐक." माझ्याकडे आली, नुसती उभी राहिली. मी पुऱ्यांचं पीठ चाळत होते. मी वर बघितलं नाही.

गोंधळ दिवेलागणीला सुरू झाला. आमचे बाबूराव मामा संबळ वाजवायला. सत्तरीचा माणूस, पण हात असा चालायचा की भिंतीचा पत्रा थरथरायचा. अंगण भरलेलं. चौक मांडला, दिवटी पेटवली. मी शिऱ्याचं पातेलं घेऊन बाहेर आले, आणि कुसुम घुमायला लागली.

अयो, माझ्या अंगावर अजून काटा येतो. केस सुटले, डोळे वर गेले, ही एवढीशी, उपासानं वाळलेली बाई, ती चौघींना आवरेना. बाबूराव मामांनी संबळ थांबवला आणि हात जोडून विचारलं, "कोण आई तू? काय मागणं आहे?"

ती बोलली. आवाज तिचा नव्हता. "पोरीच्या तोंडात जो कुणी धान्य घालील, त्याच्या घरात मी राहायची नाही. हा उपास मी मागून घेतलाय. आईचा आणि लेकीचा. जन्माचा. उद्यापन करायचं नाही!" आणि बोट केलं. सरळ माझ्याकडे. पातेलं माझ्या हातातून पडलं. सगळा शिरा अंगणात. तो शेवटचा. त्यानंतर आजपर्यंत मी शिरा केलेला नाही. का करत नाही म्हणून लोकांनी विचारलं तर सांगते, हात दुखतो.

सासूबाईंनी तिच्या पायावर डोकं ठेवलं. सासूनं सुनेच्या! झालं, त्या दिवसापासून कुसुम देवीची बाई झाली.

मी मात्र तिच्यावर नजर ठेवली, खोटं कशाला बोलू? देवीनं माझ्याकडे बोट केलं याची भीती होती आणि रागही होता. हिनं ढोंग केलं असेल तर कधीतरी सापडेल. एक दिवस हिच्या पदरात पावाचा तुकडा सापडेल आणि मग मी बघते. वर्षं गेली, तुकडा काही सापडला नाही. तांदूळ निवडायची, भात शिजवायची, आम्हा सगळ्यांना वाढायची, आणि स्वतः ताटात दोन पतात घेऊन कोपऱ्यात बसायची. शेजारी हिरा, तेच खाणारी. पोर मात्र वाढली. लांबसडक वेण्या, टपोरे डोळे. शाळेत पाव-बिस्किट वाटत, ती हात मागे घ्यायची. मास्तरांनाही ठाऊक होतं, देवीचं लेकरू आहे.

साठ सालच्या वादळात आमचं छप्पर उडालं आणि आम्ही सगळे शाळेच्या दगडी इमारतीत शिरलो. आत शंभरेक माणसं. खायला काय, तर बिस्किटांचे डबे आणि शिळा पाव. कुसुमनं आणलेली केळी पहिल्या दिवशीच संपली. दुसऱ्या दिवशी हिरा भुकेनं रडायला लागली, चार वर्षांची पोर. सगळ्या बायका म्हणाल्या, "संकटात चालतं गं, एक बिस्किट दे, देवी काही म्हणत नाही." कुणीतरी पोरीच्या हातात बिस्किट दिलंसुद्धा. कुसुमनं ते काढून घेतलं. पोर किंचाळली. बायकांनी तोंडं फिरवली, एक म्हणाली, काळीज आहे की दगड?

मधेच वारा पडला. आकाश उजळलं. जाणती माणसं ओरडत होती, बाहेर जाऊ नका, तो परत येणार, उलट्या बाजूनं. कुसुम उठली, पोर माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "जाऊबाई, हिला काही खायला देऊ नका." एवढंच. माझ्या डोळ्यांत बघून. आणि बाहेर पळाली.

ऊस झोपला होता, केळी मोडून पडल्या होत्या, पण जमिनीतले पतात वारा नेत नाही. तास गेला, दीड तास गेला. मी पोरीला घट्ट धरून बसले होते. बिस्किटाचा डबा माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि पोर त्याच्याकडे बघून रडत होती. मी हात लावला नाही. वारा परत सुरू झाला तेव्हा कुसुम दारातून आत पडली, चिखलानं माखलेली, नखं रक्ताळलेली, ओच्यात आठ-दहा पतात. कच्चेच सोलून, चावून चावून तिनं पोरीला भरवले.

सदुसष्ट साली हिरा अकरा वर्षांची झाली. मैत्रिणीच्या घरी तिनं केक खाल्ला. आता पोरच ती, किती दिवस हात मागे घेईल? घरी येऊन आडवी झाली, आठ दिवस उठेना. देवराजचं डोकं या वेळी ठिकाणावर होतं. कुणाला न विचारता त्यानं गाडी केली आणि क्युरपीप शहरात नेलं, परदेशातून शिकून आलेल्या एका डॉक्टरकडे. कुसुमबरोबर मीही गेले. डॉक्टरनं तासभर विचारपूस केली. पहिल्यापासून काय काय खाल्लं, कधी बरी झाली, कधी बिघडली. मग म्हणाला, "गव्हात एक पदार्थ असतो, तो हिच्या आतड्याला चालत नाही. पाव, रोटी, बिस्किट, रवा, हे जन्मभर नाही. बाकी सगळं चालेल. भात खुशाल द्या." आणि कुसुमकडे बघून म्हणाला, "तुम्ही हिला उपासाचं देत आलात म्हणून ही जगली. पण बाई, तुम्ही स्वतः का वाळला आहात? तुम्हाला काहीही खायला हरकत नाही."

रवा, म्हणाला तो. मी तिथल्या खुर्चीवर बसून राहिले.

हिराला भात सुरू केला. लोकांना सांगितलं, देवीनं डॉक्टरच्या तोंडून परवानगी दिली. पोर भातावर अशी तुटून पडली की देवराज हसता हसता रडला. पण कुसुमच्या ताटात तेच दोन पतात.

मी आठ दिवस वाट बघितली. मग एका सकाळी सगळे शेतावर गेल्यावर फाटकाशी जाऊन पाव घेतला. गरम होता. मधोमध फाडला, लोणी घातलं, चहा केला, आणि कुसुमला आत बोलावून दार लावलं.

"खा," म्हटलं. "कुणी नाही. मी कुणाला सांगायची नाही. आणि आधी माझं ऐक. त्या मंगळवारी..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी पाणी घेऊन आले तेव्हा तुम्ही तिला भरवत होता. दारातून बघितलं."

मी तिच्यासमोर खाली बसले. "बघितलंस? मग आईंनी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? देवीच्या प्रसादानं पोर मरायला टेकली, असं? कुणी ऐकलं असतं? आणि मीही तुम्हाला थांबवलं नाही की. मलाही वाटलं, प्रसाद आहे, काय होणार. नंतर चार दिवस मांडीवर घेऊन बसले तेव्हा सगळं जुळलं. प्रत्येक खेपेला उद्यापन, प्रत्येक खेपेला घास. पण माझं कोण ऐकतं या घरात? देवीचं ऐकतात."

"म्हणजे तू ढोंग केलंस."

"केलं," ती म्हणाली. "तुमच्याकडे बोट केलं तेही मीच. मनात पाठ करून ठेवलं होतं काय बोलायचं. लेकीचा उपास, एवढंच म्हणणार होते. आईचा आणि लेकीचा, हे माझ्या तोंडून कसं गेलं, जाऊबाई? ते मी ठरवलं नव्हतं. दहा वर्षं मी तेच आठवतेय. मी बोलले, की ती?"

मी म्हटलं, "अगं वेडे, घुमताना निघून गेलं तोंडातून. डॉक्टर काय म्हणाला ते ऐकलंस ना? सगळा गव्हाचा खेळ. तुझ्या खाण्याशी पोरीचा काय संबंध?"

"काही नाही," ती म्हणाली. "मलाही कळतं."

तिनं पाव उचलला. चहात बुडवला. लोणी वितळून चहावर आलं. तो वास घेताना तिचे डोळे मिटले, आणि मला ती चोपन्न सालची, फाटकाशी पळत जाणारी कुसुम दिसली. पाव ओठांपर्यंत नेला आणि तिथंच हात थांबला.

"जाऊबाई," ती म्हणाली, "तुम्ही म्हणा. तेव्हा हिराला म्हणाला होतात तसं. काही होत नाही, म्हणा. तुम्ही म्हणालात की खाते."

म्हणायचे होते तीन शब्द. डॉक्टरनं सांगितलेलं, मला पटलेलं, देवीची शपथ घेऊन सांगता येईल असं खरं. मी तोंड उघडलं. बाहेर अंगणात हिरा दोरीवरून उड्या मारत होती, मोजत होती मोठ्यानं, बत्तीस, तेहेतीस, चौतीस. मी तोंड मिटलं.

कुसुमनं पाव परत बशीत ठेवला. चहात भिजून तो तुटला होता. मीच उठले, बशी उचलली आणि दार उघडून मागच्या अंगणात भांडी घासायला गेले.